आप्पांचा धूर

अकरा वाजून वीस मिनिटांनी आप्पाजींना भट्टीत ठेवलं, लोखंडी दार घरघरत खाली आलं, आणि पंधराच मिनिटांत अभिराजच्या खिशातला फोन थरथरला. अनुषाचा. म्हणजे त्याच्या मोठ्या बहिणीचा, चामराजपेटेतल्या घराच्या गच्चीवरून.

"अभी, धूर कुठाय?"

"कसला धूर?"

"कसला म्हणजे? आप्पांचा! आम्ही सगळ्या वर उभ्या आहोत. चिमणी दिसतेय, चिमणीभोवती फिरणारी घार दिसतेय, धूर नाही!"

अभिराजने मान वर केली. घार खरंच फिरत होती. आणि धूर कुठे गेला हे अख्ख्या बेंगळुरात दुसऱ्या कुणाला नसेल इतकं नक्की त्याला माहीत होतं. धूर त्यानेच काढून टाकला होता.

आता हे आधी समजून घ्या, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. ह्या घरातल्या बायका स्मशानात जात नाहीत. साडेतीनशे वर्षांपूर्वी घराणं महाराष्ट्रातून इकडे आलं, कन्नड बोलायला लागलं, रसमसारखं सारू आणि भात खायला लागलं, पण ही एक गोष्ट काही सुटली नाही. मग चाळीसेक वर्षांपूर्वी चार गल्ल्या पलीकडे विजेची स्मशानभूमी झाली, आणि तिची उंच चिमणी थेट ह्यांच्या गच्चीवरून दिसायला लागली. झालं! बायकांनी आपली आपण रीत पाडली. पुरुष देह घेऊन गेले की बायकांनी गच्चीवर जायचं, चिमणीकडे बघत उभं राहायचं. धूर दिसला की हात जोडायचे, "गेले" म्हणायचं, खाली उतरायचं, अंघोळ करायची. आणि धूर दिसेपर्यंत घोटभर पाणीसुद्धा नाही. पुरुषांनीही परत आल्यावर तोवर दारातच थांबायचं. वरून "दिसला" असा आवाज आला की मगच त्यांच्या डोक्यावर पाणी. कुठल्या पोथीत नाही हे. पण चाळीस वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं, कारण चिमणी असा काळा धूर ओकायची की पार लांबच्या बनशंकरी भागातूनसुद्धा दिसला असता.

आणि अभिराजची कंपनी नेमकी धुराच्याच मागे लागलेली. कारखान्यांच्या धुराड्यांतून जो घाण वायू निघतो ना, तो धुऊन काढायचे रिअॅक्टर बनवतात ते. ओतशाळांना, बॉयलरांना, कापडरंगाईवाल्यांना. म्हणजे कसं, की धूर थेट वर सोडायचाच नाही. आधी तो साडेआठशे डिग्रीला परत एकदा जाळायचा, मग थंड करायचा, मग एका उभ्या टाकीत त्याच्यावर चुन्याची आणि कोळशाची बारीक पूड मारायची. चुना आम्ल धरतो, कोळसा पारा धरतो, आणि ती पूड पुढे लांबलांब कापडी पिशव्यांत अडकते. वर जाते ती नुसती गरम हवा. कंपनीला स्मशानभूमीचं काम पहिल्यांदाच मिळालं, तर अभिराजने ते भांडून मागून घेतलं. "माझ्या गल्लीमागची चिमणी आहे सर, आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर राख पडते," म्हणाला. सात महिने खपला. तीन आठवड्यांपूर्वी चालू झालं, तेव्हा त्याने रिकाम्या आभाळाचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला होता, खाली लिहिलं होतं 'नव्याण्णव पॉइंट सहा टक्के!!!' अक्काने, म्हणजे आप्पाजींच्या बायकोने, हात जोडल्याचं चित्र टाकलं, कारण ती प्रत्येक गोष्टीला तेच टाकते.

त्या तीन आठवड्यांत गल्लीतलं कुणी गेलं नव्हतं. आप्पाजी पहिले.

"अक्का कुठाय?" अभिराजने विचारलं.

"कठड्याला धरून उभी आहे. अभी, ऐक ना, तिने सकाळी सहाला इन्सुलिन टोचून घेतलंय. उपीट पानात वाढलं आणि आप्पा पेपर वाचता वाचता… त्यानंतर तिच्या पोटात काहीच नाही. आत्ता बोट टोचून बघितलं, एक्क्याऐंशी आहे. खाली चालली आहे शुगर."

"मग पाणी दे, साखर दे!"

"देतेय रे! घेतच नाही. धूर दिसला नाही म्हणते."

आप्पाजी म्हणजे अभिराजचे काका आणि अक्का म्हणजे काकू, चंद्राबाई. पण अभिराज तीन वर्षांचा आणि अनुषा सहा वर्षांची असताना त्यांचे आईवडील एका अपघातात गेले, आणि तेव्हापासून ह्या दोघांनीच वाढवलं. आप्पाजींनी चिकपेटेत एका साडीच्या दुकानात चाळीस वर्षं घड्या घातल्या आणि ह्या पोराला इंजिनीअर केला. त्यामुळे आज अग्नी द्यायला, म्हणजे हिरवं बटण दाबायला, तोच होता. बटणही त्यानेच बसवलेलं.

"अक्काला दे फोन," तो म्हणाला. "मी समजावतो."

हीच पहिली चूक.

"अक्का, ऐक. धूर येणारच नाही. मशीन बसवलंय ना मी, धूर आतल्या आतच थांबतो."

"थांबतो म्हणजे?" अक्काचा आवाज कोरडा पडला होता. "कुठं थांबतो?"

"पिशव्यांमध्ये."

मग अक्का कुणालातरी सांगताना ऐकू आलं, "ह्यांना पिशवीत घातलंय म्हणतो."

आणि गच्चीवर जो गलका उठला! अय्यय्यो काय, शिवशिवा काय! "पिशवीत? कसल्या पिशवीत गं?" "प्लास्टिकच्या?" "बंदी आहे ना!" अभिराज इकडून ओरडतोय, कापडी, कापडी, पण ऐकतंय कोण!

ओरडणं ऐकून गुंडोमामा जवळ आले. गुंडोमामा अक्काचे धाकटे भाऊ, धाकटे म्हणजे सत्तरीचे, आणि सगळ्या रीतींचं ज्ञान आपल्यालाच आहे असं मानणारे. ओलं उपरणं खांद्यावर, अनवाणी, उन्हाने तापलेल्या फरशीवर एकदा ह्या पायावर एकदा त्या पायावर.

"काय रे, काय पिशवी?"

अभिराजने सांगितलं. शिकलेला माणूस ना, सगळं सांगितलं. पिशव्यांतली पूड खाली हौदात पडते, ती धोकादायक कचऱ्यात मोडते, म्हणून पिंपात बंद करून, पिंपाला नंबर देऊन लांब कुठेतरी पुरायला जाते, हेसुद्धा सांगितलं.

गुंडोमामांचे दोन्ही पाय एकदम फरशीवर टेकले.

"म्हणजे भावोजी निम्मे कावेरीत, आणि निम्मे पिंपात?"

"निम्मे नाही हो मामा! अगदी ग्रॅममध्ये!"

"ग्रॅममध्ये असू दे. कुठला ग्रॅम ते कुणी बघितलंय?"

आता ग्रॅमवर काय नाव लिहिलेलं असतं! सांगा ना!

तेवढ्यात पुन्हा फोन. अनुषा कुजबुजत होती. "अभी, इथे बायका भलतंच बोलायला लागल्यात. आप्पांची काहीतरी इच्छा राहिलीय, म्हणून धूर अडलाय, असं म्हणतायत. आणि अक्का ऐकतेय. शुगर शहात्तर."

आणि ती गोष्ट गच्चीवरून गुंडोमामांच्या फोनवरसुद्धा पोचली. मामांचा चेहरा बघता बघता उतरला. ते चिमणीखाली गेले, वर बघून हात जोडले आणि मोठ्याने म्हणाले, "भावोजी! माझ्यामुळं अडलात काय?"

हवा चिमणीत ओढणारा पंखा मागे गुरगुरतोय.

"दर रविवारी आपण कवड्या टाकून चौकाबारा खेळायचो. तुम्ही अकरा वर्षं हरलात. तुम्ही हरत नव्हता भावोजी. माझ्या कवड्यांमधली एक… ती मी आतून शिशानं भरली होती. पाहिजे तशी पडायची. तुम्ही म्हणायचा, गुंडो, तुझ्या हाताला देव आहे. माझ्या हाताला शिसं होतं! माफ करा. सुटा आता!"

आणि सत्तर वर्षांचा माणूस हुंदके द्यायला लागला. अभिराजला हसू येतंय की रडू तेच कळेना. सगळ्यांनी वर बघितलं. निळंभोर आभाळ.

"दिसला का?" मामांनी फोनमध्ये विचारलं.

"नाही," गच्ची म्हणाली.

मग नागोजी पुढे आले. आप्पाजींबरोबर दुकानात तीस वर्षं काम केलेले, बारीक, नेहमी कोपऱ्यात उभे राहणारे. त्यांनी सांगितलं की दुकानातला मोठा आरसा ब्याण्णव साली त्यांच्याच हातून फुटला होता, आप्पाजींनी तो आपल्यावर घेतला, आणि नागोजींनी घेऊ दिला. इतक्या वर्षांत त्याविषयी एक शब्द कधी निघाला नाही. आता मालकांना जाऊन सांगतो म्हणाले.

"मालक वारले ना?" मागून कुणीतरी म्हणालं.

"मुलाला सांगतो."

वर सगळ्यांच्या माना. काही नाही. चुना आपलं काम करतोय, कोळसा आपलं काम करतोय, पिशव्या आपलं काम करतायत. पॅनेलवर हिरवा आकडा, धूळ: चार. इतका सुंदर आकडा तीन आठवड्यांत आला नव्हता. आणि फोनवर अनुषा, शुगर: त्र्याहत्तर. दोन आकडे, दोन्ही खाली चाललेले, आणि अभिराज मधे.

"तू बोल की रे," गुंडोमामा नाक पुसत म्हणाले. "तुझंच काहीतरी असणार. मुलगा तू."

"मामा, मला माहितीये धूर का येत नाही ते!"

"माहितीये तर मग बोलायला काय जातंय?"

म्हणून तोही गेला चिमणीखाली. काय बोलला ते कुणाला ऐकू आलं नाही. पण बोलून झाल्यावर त्याने वर बघितलं, अगदी बाकीच्यांसारखंच, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं, असू दे रे कुठेतरी एक गळती. एखादी पिशवी फाटलेली असू दे. स्वतः शिवणी तपासल्या होत्या त्याने. एकही फाटलेली नव्हती.

तेव्हा त्याने ठरवलं, पुरे झालं, धूर तयार करायचा.

"मंजुनाथ! नारळाच्या शेंड्या आहेत का रे?"

मंजुनाथ भट्टी चालवायचा. निपाणीकडचा. शांत माणूस, कामापुरतंच बोलणारा. "हाइत की साहेब, पोतंभर. तिकडं लाकडाच्या चितेला लागतात न्हवं. पर कशाला?"

"चिमणीच्या बुडाशी पेटव. ओल्या करून."

"साहेब, तुम्हीच तर मागल्या म्हैन्यात बोर्ड लावलाय, हितं काय जाळू नका म्हून."

"मीच लावलाय ना? मग मीच सांगतोय!"

पेटवल्या. धूर असा झाला की विचारू नका, पांढरा, दाट, डोळ्यांतून पाणी काढणारा. नागोजी खोकून खोकून खालीच बसले. पण धुराला वर जायचंच नव्हतं. वारा आला आणि अख्खा लोट आडवा होऊन भिंतीपलीकडच्या नव्या बारा मजली इमारतीत शिरला.

"अनुषा! दिसला?"

"दिसला! दिसला! थांब, अक्काला… अक्का, बघ, धूर!"

मग अक्काचाच आवाज. "हा बुडातून येतोय."

"अक्का, कुठूनही येऊ दे ना!"

"शेंड्यांचा आहे. बंब पेटवण्यात जन्म गेला माझा, मला शेंड्यांचा धूर कळत नाही होय रे? कशाला फसवतोस म्हातारीला?"

फोन बंद. आणि दुसरा लगेच चालू. हयवदन सर, म्हणजे अभिराजचे साहेब. घरी मराठीच बोलणारे, त्यामुळे रागावले की थेट मायबोलीत.

"अभिराज, आधी मनापासून सॉरी, आप्पाजींबद्दल कळलं. आता मला सांग, तुझ्या प्लँटमधून धूर का येतोय? बारा मजलीवाल्यांनी फोटो पाठवलेत, अकरा फोटो! एका बाईंनी व्हिडिओ काढलाय, त्यात एक म्हातारा खोकतोय. त्याला काय झालं?"

"सर, ते नागोजी आहेत. प्लँटमधून नाही सर. मी शेंड्या जाळल्या."

"का?"

"आमच्या बायकांना धूर दिसायला पाहिजे होता, सर."

हयवदन सरांनी आवाज खाली आणला. मग म्हणाले, "बरोबर आहे. माझ्या आजीच्या वेळी आमच्याकडेही असलं काहीतरी होतं." आणि पुन्हा आवाज चढवून, "पण विझव ते आधी!"

विझवलं. शुगर सत्तर.

आता शेवटचा उपाय, आणि हा खरंच अभिराजच्या डोक्यात आला, त्याला नंतर कितीही लाज वाटली तरी. वायू थंड करायला पाण्याचा फवारा असतो, त्याचा एक व्हॉल्व्ह असतो. तो जास्त उघडला तर वायूत वाफ मावणार नाही, चिमणीतून पांढरा ढग निघेल. धूर नाही, पण वरून निघेल, नेमका पाहिजे तिथून! फक्त काय, ओला चुना पिशव्यांवर चिखलासारखा बसेल, पिशव्या गच्च होतील, आणि पंखा बंद पडेल. बंद पडला तर भट्टी आपोआप विझते. तसं त्यानेच लिहून ठेवलेलं, सुरक्षेसाठी.

त्याने व्हॉल्व्हवर हात ठेवला. मंजुनाथ मागेच उभा होता. त्याने हात धरला नाही, ओरडला नाही. नुसता म्हणाला, "साहेब. आप्पाजी आत हाइत. निम्म्यात हाइत."

अभिराजने हात काढून घेतला. आणि तिथेच पाईपला टेकून दोन मिनिटं उभा राहिला.

मग तो धावला. नुसत्या पंच्यावर, अनवाणी, चार गल्ल्या. मागून गुंडोमामा ओरडतायत, "अरे, अस्थी घ्यायच्यात अजून!" हा म्हणतोय, "मंजुनाथ ठेवेल!" भाजीवाले बघतायत, रिक्षावाला थांबून काय झालं म्हणून विचारतोय, "एन आयतु, अण्णा?" आणि हा आपला पळतोय. बाकीचेही मागोमाग निघाले, कारण एकट्याने स्मशानात थांबायला कुणीच तयार नव्हतं.

दारात बादल्या भरून ठेवलेल्या. अंघोळीशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. अभिराजने ओलांडला. आत कुणीतरी ओरडलं. तो थेट जिना चढून गच्चीवर.

वर गल्लीतल्या वीस-बावीस बायका, सगळ्यांचे चेहरे एकाच दिशेला. अक्का कठड्यापाशी. तिच्या कपाळावर घामाचे थेंब. अनुषा शेजारी ग्लास धरून, रडून रडून डोळे लाल.

"अडुसष्ट," ती म्हणाली.

"अक्का," अभिराज म्हणाला, आणि त्याला एवढा दम लागलेला की शब्द सुटेसुटे पडत होते. "धूर. नाही येणार. माझीच चूक. मला सुचायला पाहिजे होतं. मी सगळ्यांचा विचार केला, कपड्यांचा केला, फुप्फुसांचा केला. तुम्ही इथे उभ्या राहता हे माझ्या डोक्यातच नाही आलं. पण ते गेले गं. मी बटण दाबलंय. ते खरंच गेले. आता खाली चल. पाणी पी."

"ते मला मघाशीच कळलंय," अक्का म्हणाली.

"काय?"

"तू फोनवर सांगितलंस तेव्हाच. ते पिशव्यांचं राहू दे, पण धूर येणार नाही एवढं कळलं. मी काय वेडी आहे?"

"मग?" अभिराजचा आवाज फाटला. "मग मी शेंड्या कशाला जाळल्या? मामांनी कवडीचं कशाला सांगितलं? तू खाली का येत नाहीस?"

अक्का त्याच्याकडे वळलीच नाही. चिमणीकडे बघतच बोलली, आणि इतकं हळू की मागच्या बायकांना पुढे सरकावं लागलं.

"सासूबाई गेल्या, धूर दिसला, मी खाली उतरले. अंघोळ, मग घर धुवायचं, अंथरुणं धुवायची, शेजारून आलेलं अन्न-सारू पंचवीस माणसांना वाढायचं, कोण जेवलं, कोण नाही, कुणाला रात्रीची गाडी आहे. तुझे आईबाप गेले तेव्हा तू माझ्या कडेवर होतास. इथंच, ह्याच जागी. दोन धूर दिसले. खाली उतरले, तुला ह्या अनुषाच्या मांडीवर ठेवला आणि पानं मांडायला घेतली. रडायचं होतं रे मला. रात्री रडू म्हटलं, तर रात्री तू रडत होतास." तिने पदराने कपाळ पुसलं. "धूर दिसला की बाईला काम लागतं. आज पहिल्यांदा दिसला नाही. पहिल्यांदा कुणी म्हणालं नाही, चला आता. पन्नास वर्षांचा संसार झाला माझा, मला स्वल्प उभं राहू दे की."

मागे एक म्हातारी होती, पलीकडच्या घरातली, ती खाली फरशीवर बसली. मग दुसरी बसली. बघता बघता सगळ्याच बसल्या, उन्हात, पदर डोक्यावर घेऊन, जशा काही दुपारच्या गप्पांना आल्यात.

सकाळपासून त्याने फोन केले होते, तिरडी बांधली होती, कागदांवर सह्या केल्या होत्या, बटण दाबलं होतं. त्याचेही डोळे आत्ता कुठे भरायला लागले.

"पण पाणी तरी पी," तो म्हणाला. "अडुसष्ट आहे अक्का. तू पडशील."

"पाणी प्यायले की तुम्ही म्हणणार, चल खाली."

"नाही म्हणणार."

"अनुषा म्हणेल."

"नाही म्हणणार गं," अनुषा म्हणाली.

"गुंडो म्हणेल."

"मामांचं मी बघतो."

"शपथ?"

"शपथ."

"कुणाची?"

त्याने तोंड उघडलं. आप्पांची म्हणायची सवय होती, लहानपणापासून. तोंड तसंच उघडं राहिलं. अक्काने त्याच्याकडे बघितलं, आणि सकाळपासून पहिल्यांदा तिचा चेहरा पूर्ण मोडला. ती त्याच्या उघड्या खांद्यावर डोकं टेकून रडली, मोठ्याने, लहान मुलीसारखी, आणि तो अंघोळ न केलेला, धुराचा वास येणारा, तसाच तिला धरून उभा राहिला. मग तिने हात पुढे केला. अनुषाने ग्लास दिला. अक्का साखरपाणी सगळं प्यायली, एका दमात, आणि रिकामा ग्लास परत देत म्हणाली, "आणखी आण. आणि ह्या बायकांनाही विचार, उन्हात बसल्यात."

"पण धूर…" मागून कुणीतरी पुटपुटलं.

"नियम कुणी केला? आपणच केला ना? मग प्या."

अभिराज खाली आला. दारात बादल्यांपाशी सगळे पुरुष उभे, घामेजलेले, भुकेले. स्वयंपाकघरातून सारूचा वास येत होता आणि आत जायची परवानगी कुणालाच नव्हती. गुंडोमामांनी एक बादली रिकामी करून उपडी घातली होती आणि तिच्यावर बसले होते.

"काय झालं? दिसला का?"

अभिराजने एकदा वर बघितलं. कठड्याच्या फटींतून ओळीने पदर दिसत होते, आणि कुणाचाच चेहरा नाही.

"अजून नाही," तो म्हणाला.

"अजून नाही? अरे, मग कधी?"

"काय सांगणार मामा." नव्याण्णव पॉइंट सहा टक्के, सात महिने, एकही पिशवी फाटलेली नाही, आणि तो उंबऱ्याबाहेर मामांच्या शेजारी जमिनीवर बसला. "मशीन नवीन आहे ना. वेळ लागतो त्याला."

"काय हे तुझं मशीन," गुंडोमामा म्हणाले. "एवढं शिकून असलं बनवलंस?"

"हो ना," अभिराज म्हणाला. "जरा स्लोच आहे."